भरतेशचा देखावा

१४ ऑगस्टला संध्याकाळी साडेपाच वाजता मी हायस्कूलच्या मैदानावर झेंडा बांधत होतो. या कामाला मला सहा मिनिटं लागतात. कपडा इस्त्रीचा असावा लागतो, घड्या सरळ पडाव्या लागतात, आत थोड्या फुलांच्या पाकळ्या, आणि शेवटची गाठ अशी की एका ओढीत सुटली पाहिजे. ही गाठ मी दुसऱ्या कुणाला बांधू देत नाही.

मी निवृत्त सुभेदार शंकर खोत. पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली. गेली नऊ वर्षं आमच्या गावची पंधरा ऑगस्टची आणि सव्वीस जानेवारीची परेड मी बसवत होतो. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलंच, कागलपासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं तिथंच राहतात आणि मीही तिथंच राहतो.

परेडचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. महिनाभर आधी शाळांच्या चकरा सुरू होतात. सहा तुकड्या, चारशेच्या आसपास पोरं. पोरं उपाशीपोटी आणायची नाहीत हा माझा पहिला नियम, कारण उभ्या उभ्या चक्कर येऊन पडतात आणि मग मास्तर म्हणतात ऊन लागलं. ऊन नसतंच ऑगस्टमध्ये, पोटात काही नसतं. सव्वासातला सगळे मैदानात, सातचाळीसला पाहुणे, पावणेआठला झेंडा. ज्या दिवसाचं सांगतोय त्याआधी झेंडा एकदाच चार मिनिटं उशिरा गेला होता, आणि त्या दिवशीचं भाषण मी रागाने ऐकलं नाही.

तर झेंडा बांधून झाला आणि मैदानात एक टेम्पो शिरला. त्यातून प्लायवूड, वाळूची पोती आणि दोन मोठे स्पीकर उतरले. मागोमाग तालमीतली सहा पोरं आली, बाजारात मिळतात तसल्या ठिपक्यांच्या कपड्यांत. त्यांच्याबरोबर दिलीप होता. दिलीप म्हणजे उत्सव समितीचा अध्यक्ष. खताचं दुकान आहे, ग्रामपंचायतीवर दोन वेळा निवडून आलेला आहे.

मी विचारलं, "हे काय?"

"देखावा हाय, साहेब. आपल्या भरतेशचा. 'भरतेशची शेवटची लढाई'. बारा मिनिटांचा हाय."

"कसली लढाई?"

"चार अतिरेकी मारतंय आन् मग पडतंय. पाव्हणं त्यासाठीच येणार हाईत."

नायक भरतेश मगदूम आमच्या गावचा. माझ्याच कंपनीत होता आणि शेवटी माझ्याच पोस्टवर होता. तो गेला त्या दिवशी तिथला जेसीओ, म्हणजे पोस्टचा प्रमुख, मी होतो.

"दिलीप, तिथं गोळी सुटली नव्हती," मी म्हणालो. "बर्फ कोसळला होता."

"ठावं हाय की. पर बर्फाचा देखावा कसा करायचा? कापूस टाकायचा व्हय?"

तालमीतली पोरं हसली. माझ्या हातात झेंड्याची दोरी होती. ती मी खाली ठेवली.

"त्याच्या आईला विचारलंस?"

"अक्कांना पुढच्या रांगेत खुर्ची ठेवलीया. शाल, श्रीफळ, समदं हाय."

"मी काय विचारलं?"

"साहेब, तुमी परेड बघा. कार्यक्रम समितीचा हाय."

मी म्हणालो, देखावा झाला तर मी येणार नाही. तो म्हणाला, बरं, बघतो, फक्त गाणं लावतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर ठेवायचा होता म्हणून ठेवला. चारशे पोरांना वाऱ्यावर सोडून घरी बसणं मला जमलं नसतं.

त्याच संध्याकाळी मी अक्कांच्या घरी जायला पाहिजे होतं. घर मैदानापासून दहा मिनिटांवर आहे. त्यांना सांगायला पाहिजे होतं की उद्या काय होऊ शकतं. मी गेलो नाही. त्या घरात मी वर्षातून एकदा जायचो, चहा प्यायचो आणि पंधरा मिनिटांत उठायचो. त्यापेक्षा जास्त वेळ मला तिथं बसवत नव्हतं.

आणि आणखी एक. चौकात भरतेशच्या नावाचा दगड आहे. त्यावर 'शत्रूशी लढताना वीरमरण' असं कोरलंय. त्याच्या अनावरणाला मी युनिफॉर्ममध्ये हजर होतो. मी ते वाचलं आणि सॅल्यूट ठोकला. तेव्हा गप्प बसलो म्हणून पुढं हा देखावा निघाला. दिलीपवर राग काढताना हे मला विसरता येत नाही.

पंधरा ऑगस्टला सकाळी भुरभुर पाऊस होता. मैदान चिखलाचं झालेलं. तुकड्या वेळेवर उभ्या राहिल्या. पाहुणे आठला दहा कमी असताना आले, म्हणजे दहा मिनिटं उशिरा. झेंडाही दहा मिनिटं उशिरा गेला. गाठ सुटली, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत झालं. सहा तुकड्यांनी 'दाहिने देख' नीट केलं. मुलींच्या शाळेची तुकडी सगळ्यांत चांगली चालली. इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं.

मग निवेदकाने माइकवर सांगितलं, "आता आपण पाहणार आहोत, भरतेशची शेवटची लढाई."

मी दिलीपकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

प्लायवूडचा डोंगर पुढं ढकलला. स्पीकरवर मशीनगनचा आवाज सुरू झाला आणि खाली सुतळी बॉम्ब लावले. पहिलीतली पोरं कानावर हात ठेवून रडायला लागली. भरतेश झालेला पोरगा वाळूच्या पोत्यांवरून उड्या मारत होता. त्याने एका हाताने बंदूक धरून चौघांना पाडलं. लोक शिट्ट्या मारत होते. मोबाइल वर गेले. मग त्याने छातीला हात लावला, लाल रंगाची पिशवी फोडली आणि गुडघ्यावर बसून ओरडला, "आई, रडू नकोस, तुझा मुलगा वाघासारखा मेला."

त्याची आई सहा फुटांवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. सुशीला मगदूम. गाव त्यांना अक्का म्हणतं. मांडीवर शाल आणि नारळ होता. अक्का त्या पोराकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

पोरगा आडवा झाला. त्याच्यावर तिरंगा घातला. गाणं लागलं. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या आणि तो पोरगा हात वर करून उठला. तिरंगा त्याच्या अंगावरून घसरून चिखलात पडला. त्याचा बूट एका कोपऱ्यावर होता. तो पाहुण्यांबरोबर फोटो काढायला वळला.

मी माझी जागा सोडली. परेड कमांडरने जागा सोडायची नसते. मी चालत गेलो, पोराला दंडाला धरून बाजूला केलं आणि झेंडा उचलला. तो पोरगा घाबरला. त्याचा दोष नव्हता, त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. मी झेंडा घडी करायला लागलो, पण कपडा चिखलाने जड झाला होता आणि घडी बसत नव्हती.

दिलीप आला. "साहेब, पाव्हणं बघायला लागल्यात. मागनं घेऊ."

तेवढ्यात अक्का उठल्या. शाल आणि नारळ खुर्चीवर ठेवला. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या चार रांगांनी ऐकला.

"दिलीप, माझ्या लेकाचं मरण त्याचं त्याला असू दे की. दुसऱ्याचं कशाला देतासा?"

दिलीप म्हणाला, "अक्का, त्याचाच मान हाय यो."

"त्यो बर्फात गेला. मला कागुद आलाय तसा. तुमाला बर्फ कमी वाटला व्हय?"

मी माइककडे गेलो. निवेदक बाजूला झाला. मी भाषण करत नाही, नऊ वर्षांत फक्त परेडचे हुकूम दिले होते. त्या दिवशी मी रिपोर्ट दिला. जसा द्यायचा तसा.

मी सांगितलं की पोस्ट चौदा हजार फुटांवर होती आणि आम्ही अकरा जण होतो. दोन दिवस बर्फ पडत होता. रॉकेल संपत आलं होतं. नायक भरतेश आणि दोन जवान सकाळी साडेपाचला खालच्या पोस्टवर रॉकेल आणायला गेले. मध्ये एक नाला होता. ऊन चढलं की वरचा बर्फ सुटतो, म्हणून नऊनंतर तो नाला ओलांडायचा नाही असा नियम होता. खाली त्यांना उशीर झाला. दहा वाजून वीस मिनिटांनी रेडिओवर त्याचा आवाज आला.

"साहेब, नाल्यापाशी पोचलोय. ऊन आलंय. संध्याकाळपर्यंत थांबू का? ओव्हर."

मी म्हणालो, "रॉकेल रात्रीपुरतंच आहे. लवकर ओलांडा. ओव्हर."

"रॉजर. ओलांडतो."

त्याने दोघा जवानांना काठावर थांबवलं. एकेकाने जायचं म्हणाला आणि स्वतः पुढं झाला. दहा बत्तीसला बर्फ आला. काठावरचे दोघं वाचले. आज दोघंही आपापल्या गावी आहेत. भरतेश तिसऱ्या दिवशी सापडला. पाठीवर रॉकेलचा जेरीकॅन तसाच होता, भरलेला. ते रॉकेल आम्ही वापरलं.

स्पीकर मोठे होते म्हणून मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं. दिलीपने साउंडवाल्याला खूण केली. साउंडवाला माझ्याकडे बघत राहिला, त्याने काही बंद केलं नाही.

"रात्रीपुरतं रॉकेल होतं," मी म्हणालो. "म्हणजे तो थांबला असता तरी एक रात्र निघाली असती. हुकूम माझा होता. शत्रू नव्हता. चौकातल्या दगडावर खोटं लिहिलंय आणि ते लिहिताना मी गप्प होतो."

मग मी परेडला 'विसर्जन' दिलं. पोरांनी उजवीकडे वळून तीन पावलं टाकली आणि मैदान मोकळं झालं. टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. पाहुणे गाडीत बसले. मी अक्कांना शोधलं तर खुर्चीवर फक्त शाल आणि नारळ होता.

सोळाला सकाळी समितीचा निरोप आला. पुढच्या वेळेपासून परेडची जबाबदारी दुसरीकडे देत आहोत, सहकार्याबद्दल आभार. त्याच दिवशी अकरा वाजता मी अक्कांच्या घरी गेलो.

त्या पडवीत शेंगा निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला केलं नाही.

"बसा."

मी बसलो.

"एवढी वर्सं येत हुतासा. हितंच बसून च्या पीत हुतासा. हे सांगाय तुमाला मैदान लागलं?"

मी म्हणालो, "चुकलं, अक्का."

"समद्या गावाबरूबर ऐकलं मी. माझ्या पोराचं. आधी मला सांगाय पायजे हुतं."

"हो."

"त्यानं थांबू का म्हणून इचारलंतं. तुमी ऐकाय पायजे हुतं त्याचं."

"हो, अक्का."

त्या रागाने बोलत होत्या आणि मी तो राग घेत होतो. लष्कराच्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, मला दोष दिला नव्हता. हवामान, भूभाग, परिस्थिती, असं लिहिलं होतं. त्या कागदाचा मला कधीच आधार वाटला नाही. त्या दिवशी पडवीत पहिल्यांदा कुणीतरी मला सरळ जाब विचारला.

पंधरा मिनिटं होऊन गेली. मी उठलो नाही. त्यांनी चहा विचारला नाही. त्या शेंगा निवडत राहिल्या. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. तो झोपायचा कुठं. पायाला काय घालायचा. पत्रं वाचायचा का दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. मी सगळं सांगितलं. तो बंकरच्या दारापाशी झोपायचा, कारण रात्रीच्या पहाऱ्याच्या सेंट्रीला उठवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. पत्रं तो स्वतः वाचायचा आणि ज्यांना यायची नाहीत त्यांनाही वाचून दाखवायचा, कुरुंदवाडच्या मामाच्या बैलाचं सगळ्या पोस्टला माहीत होतं. त्यावर त्या किंचित हसल्या.

मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"खायाचा काय? आमच्यात मटण-मासं चालत न्हाई. पत्रात लिवायचा, डाळभात मिळतोय, काळजी करू नकोस."

"डाळभात होता, अक्का."

"अंडं खात हुता का?"

मला खोटं बोलता आलं असतं. डबाबंद अननस, भाजी, डाळ, यांवर वेळ मारून नेता आली असती. तिथं कोण बघायला होतं.

"खात होता," मी म्हणालो. "आधी नाही म्हणायचा. वजन उतरायला लागलं तेव्हा मीच सांगितलं. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाला होता."

त्यांनी पदराने हात पुसले.

"त्या दिशी सकाळी?"

"दोन उकडलेली. चहाबरोबर. निघायच्या आधी माझ्यासमोर खाल्ली."

अक्कांनी सूप परत मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. उपाशी न्हाई गेलं माझं पोर."