सुरूच्या सालीचं लाल पाणी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळत आलो की टाळण्याचीच सवय होऊन गेली. जुने सहकारी भेटले आणि बोईसरच्या त्या कारखान्याचा विषय निघाला, की मी चहाचं विचारायचो, नाहीतर कुणाच्या तरी गुडघ्यांची चौकशी करायचो. आमच्या वयात एकदा गुडघे निघाले की बाकीचे विषय आपोआप बाजूला पडतात. पण दीडेक महिन्यापूर्वी मुरब्याहून विलासचा फोन आला. "दादा, ताय गेली. सकाळी चाय घेतली, बोलली जरा पडते... आन् उटलीच नाय." मी "बरं" म्हणालो. बरं! फोन ठेवल्यावर मनात पहिलं आलं ते दुःख नव्हे. आता सांगायचं कुणाला, हे आलं.

हेमलता म्हणजे विलासची थोरली बहीण. सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी मी बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आलो, तेव्हा समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला होता. आमचा कारखाना प्लायवुडसाठी लागणारा गोंद करायचा. उत्पादन माझ्याकडे आणि प्रयोगशाळा तिच्याकडे. मच्छीमाराच्या घरातली, रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, उंच, सावळी आणि बोलण्यात कुणाला न ऐकणारी. पहिल्याच दिवशी तिच्या डब्यातला सुका बोंबील नाकाला झोंबला म्हणून मी खिडकी उघडायला उठलो, तर म्हणाली, "उघडा, उघडा. बाहेरून शेजारच्या कंपनीचा गॅस येईल, तो चालतो ना घाटावरच्यांना?" मी खिडकी न उघडता परत येऊन बसलो आणि तिने माझ्या डब्याच्या झाकणावर बोंबलाचा एक तुकडा ठेवला. आमची ओळख झाली ती अशी. मी तिला हेमाबाई म्हणायचो, पुढे नुसतं हेमा. ती मला शेवटपर्यंत "साहेब" म्हणत राहिली, पण त्या शब्दात आदर कमी आणि चिमटा जास्त असायचा.

त्या काळात फिनॉल महाग झालं होतं आणि फिनॉलशिवाय आमचा गोंद होत नसे. मालक रोज कपाळाला आठ्या घालून यायचे. एका दुपारी हेमा म्हणाली, "आमच्या घरी सालीचं पाणी करायचे. ते जाळ्यांना कुजू देत नव्हतं, मग लाकडाला का चिकटणार नाही?" मला काहीच कळलं नाही. पुढच्या रविवारी तिने मला मुरब्याला, तिच्या घरी नेलं. तिथे अंगणात मोठा तांब्याचा हंडा पालथा पडला होता. सुती जाळी होती तेव्हा सुरूच्या झाडाची साल त्यात उकळायची आणि लालभडक पाण्यात जाळी बुडवून ठेवायची, अशी रीत होती. मग नायलॉनची जाळी आली आणि हंडे कोंबड्यांना बसायला उरले. हेमाच्या आईने तो सुलटा केला, राखेने घासून दिला आणि मला बजावलं, "तांब्याच्याच भांड्यात करा. लोखंडात केलं त पानी काळं व्हतं, जाळं बी काळं व्हतं." त्यामागचं कारण हेमाने मला प्रयोगशाळेत दाखवलं. काचेच्या पेल्यात सालीचा लाल अर्क घेतला आणि त्यात एक खिळा टाकला. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत खिळ्याभोवती निळसर काळं पाणी झालं होतं. "घ्या साहेब, शाई. आता घरी पत्र लिहा." हा खिळ्याचा खेळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

पुढचे काही महिने आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. केळव्याच्या किनाऱ्यावर वादळात सुरूची झाडं आडवी झाली होती. ज्यांच्या वाडीत ती पडली, त्यांच्याकडून आम्ही साल मागून आणायचो. ती वाळवायची, कांडायची, उकळायची, गाळलेलं पाणी आटवायचं. घट्ट झालेल्या अर्कात फॉर्मलिन मिसळलं की फिनॉलशिवायच गोंद तयार, पण तो इतक्या लवकर आळायचा की मिसळल्यावर धावतच फळ्या दाबून चिकटवायच्या प्रेसकडे जावं लागे. उरलेला चोथाही हेमा टाकू देत नसे. त्याचा लगदा करून ती पुठ्ठे थापायची आणि गच्चीवर वाळत घालायची. "मासळीत काय टाकून देतात का? डोक्याचं बी कालवण होतं," असं तिचं म्हणणं. प्लायचा एकेक तुकडा ती पाण्यात तासन् तास उकळायची. पापुद्रे सुटले की गोंद नापास. एकदा तिने हे काम घरच्या चुलीवर केलं, तर आई पातेल्यात डोकावून म्हणाली, "काय गो बाय, ही फळी शिजायची कवा? कोकम टाकू का?" ज्या दिवशी पहिला तुकडा उकळून उकळूनही अभंग राहिला, त्या दिवशी हेमा तो ओला, गरम तुकडा पदरात धरून सगळ्या कारखान्यात दाखवत फिरली. हमालांनासुद्धा. तिचा तसा चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही... आणि त्याला कारण मी.

एका मोठ्या प्लायवुड कंपनीची माणसं चाचणी बघायला यायची होती. पसंत पडलं तर सालीच्या गोंदाचा वेगळा विभाग निघणार होता आणि तो हेमाकडे जाणार होता. चाचणीच्या आधी होळी आली. आमच्या या किनाऱ्यावर होळीला माणूस कामावर थांबत नाही. हेमा मुरब्याला गेली. जाताना अर्क स्टेनलेस स्टीलच्या टाकीत भरून, झाकण लावून, मला हात जोडून म्हणाली, "साहेब, फक्त एवढं सांभाळा." ती गेली आणि टाकीचा व्हॉल्व्ह गळायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, टाकी रिकामी करून द्या, नाहीतर सणानंतरच येईन. आवारात पिंपं होती. लोखंडाची, पण आतून रंग दिलेली. मी बॅटरी मारून पाहिलं. एका-दोन पिंपांच्या तळाशी रंग खरवडल्यासारखा वाटला. माणूस मुरब्याला पाठवून हेमाला विचारता आलं असतं. पण सणाच्या दिवशी तिला कशाला त्रास, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. टाकी गळू दिली म्हणून ती मला हसली असती. एका रात्रीचा तर प्रश्न होता. अर्क पिंपांत ओतला, दुसऱ्या दिवशी टाकी दुरुस्त झाल्यावर परत टाकीत भरला. अर्क आधीच इतका गडद होता की डोळ्यांना फरक दिसला नाही. पिंपं धुऊन जागेवर ठेवली.

चाचणीच्या दिवशी प्रेस उघडला. फळ्या पक्क्या होत्या, कुठे पापुद्रा सुटलेला नव्हता. पण वरच्या गोऱ्या पापुद्र्यातून निळे-काळे डाग फुटून वर आले होते, अंगावर मार बसल्यासारखे. पाहुण्यांपैकी एकाने फळीवर हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, ये तो फर्निचर नहीं, कोयला बनेगा." सगळे हसले. मालकही हसले, तेच जास्त वाईट होतं. हेमा हसली नाही. तिने एका नजरेत ओळखलं. "कुठेतरी लोखंड लागलंय," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळली. "साहेब, अर्क टाकीतच होता ना?"

मी म्हणालो, "टाकीतच होता."

तिने पुन्हा विचारलं नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिला संशय आला असता, ती भांडली असती, तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. पण ती नुसती मान हलवून म्हणाली, "मग सालीतच असणार. वाडीतली झाडं, त्यांना कुंपणाच्या तारा असतात, खिळे असतात. मीच नीट बघितलं नाही." मालकांनी सालीचा प्रयोग बंद केला. "बेन, ये गाँव का नुस्खा गाँव में ठीक है," एवढंच ते म्हणाले. काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली आणि पालघरला शाळेत विज्ञान शिकवायला लागली. जाताना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "साहेब, माझ्या नादाला लागून तुमचंही नाव खराब झालं. माफ करा." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू दे गं."

इथे आमची मैत्री तुटली असती, तर माझी सुटका झाली असती. पण ती तुटली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तिने आठवडाभर आधीपासून घर सांभाळलं. पावसाळा संपला की तिच्याकडून सुकी मासळी यायची आणि त्याबरोबर दर वेळी एक प्रश्नही यायचा. कधी घिवलीहून साल आणलेली असे, कधी केळव्याच्या त्याच वाडीतून. आईच्या हंड्यात उकळून, गाळून ती पाहायची. "साहेब, पुन्हा लाल. एकदम स्वच्छ. मग त्या दिवशी काळं आलं कुठून?" हे म्हणताना ती रडत नसे, चिडतही नसे. एखादं न सुटलेलं गणित घेऊन बसावं तसं विचारायची. शाळेत मुलांना खिळ्याचा प्रयोग दाखवून आली की हमखास विचारायची. मी म्हणायचो, "सोड ना आता, किती वर्षं झाली." ती म्हणायची, "तुमी घाटावरचे लवकर सोडता. आमाला नाय जमत."

गेल्या दिवाळीनंतर मी तिला भेटायला मुरब्याला गेलो, तो सांगायचं ठरवूनच. रस्त्यात रिक्षात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. ती ओटीवर उशीला टेकून बसली होती. फार वाळली होती, पण जीभ तशीच. "या साहेब. गुडघे आणलेत ना सोबत?" थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तीच म्हणाली, "मी आता ते सोडलं बरं का. कुठला तरी एक खिळा माझ्याच नजरेतून सुटला असणार. माणसाचं चुकतं... नाय का?" मी तोंड उघडलं. एवढ्यात विलासची बायको चहा घेऊन आली असं लिहिलं तर वाचकांना पटेल, पण तसं काही झालं नाही. कुणीही आलं नाही. आम्ही दोघंच होतो आणि समोर वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे उतरत होते. मी म्हणालो, "हो, चुकतं." आणि उठून कावळे हाकलायला गेलो.

परवा विलासकडे जाऊन आलो. हंडा अंगणातच आहे, आता पालथा नाही, त्यात तुळस लावली आहे. हात धुवायला मागे गेलो, तर मोरीत हेमाचा पाट. आमच्या चांगल्या दिवसांतल्या फळीचा तिने तो करून घेतला होता. इतकी वर्षं त्यावर बसून मासळी धुतली जातेय, रोज पाणी पडतंय, खारा वारा लागतोय. मी खाली वाकून त्याच्या कडेवरून नख फिरवलं. एकही पापुद्रा सुटलेला नाही. विलासची बायको म्हणाली, "बसा त्याच्यावर दादा, तायचा हाय, मोडायचा नाय." मी बसलो. ती आत गेली, नळ तसाच चालू राहिला. पाटाला हात लावून मी ते रिक्षात जुळवलेलं वाक्य म्हणायचा प्रयत्न केला. तिथेही आवाज फुटला नाही, म्हणून इथे लिहितो आहे...

हेमा, साल चांगली होती. पिंप लोखंडाचं होतं, आणि ते मी निवडलं होतं.