नानांचे पातळ बूट

“बशीसन काय व्हई?” बसून काय होणार, एवढं म्हणायचं आणि उठायचं, ही नानांची सवय. हातात अर्धा प्यायलेला चहा, आणि हे उभ्या उभ्या टाचा उचलायचे, टेकवायचे, पुन्हा उचलायचे. समोरच्यालाही मग बसवायचं नाही. मला तर असा राग यायचा! शाळेत दिवसभर मुलांना ‘स्वस्थ बस’ म्हणून घसा कोरडा करायचा, आणि सकाळी मेहरूण तलावावर हे साठीचं पोर पुढ्यात.

तुमच्याही गावात असतील अशी माणसं. रिक्षा थांबायच्या आत उतरणारी, लग्नात पहिली पंगत उठायच्या आत बडीशेप शोधणारी. नाना मूळचे शिंदखेड्याचे, जळगावात डाळीची दलाली करायचे. दिवसभर फटफटीवर या मिलमधून त्या मिलमध्ये, खिशात तूर, मूग, हरभऱ्याचे नमुने. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. हे पळत सुटले.

तलावावर आमचा पळणाऱ्यांचा गट होता. मी, एक सराफ, काही बँकेतली मंडळी. सगळ्यांचे बूट जाड, गुबगुबीत तळव्यांचे आणि महागाचे. एक दिवस नाना वेगळेच बूट घालून आले. तळवा इतका पातळ की दुमडून खिशात घालावा. सराफ म्हणाला, “नाना, हे बूट आहेत का मोजे?” तसे बूट मुद्दाम मिळतात आणि काही पळणारे त्यांच्या पार नादी लागतात, हे आम्हाला नंतर कळलं. नानांचं म्हणणं एकच. “जमीन पायले समजनी पाहिजे.”

मग त्यांनी एक परीक्षा काढली. खिशातला दाणा रस्त्यावर ठेवायचे. आपण डोळे मिटून त्यावर पाय द्यायचा. “सांगा, काय शे? तूर का हरभरा?” जाड बुटातून कप्पाळ कळणार! आपण चुकलो की नाना टाळी वाजवायचे. “गादी बांधेल शे पायले!”

हळूहळू अर्धा गट पातळ बुटांवर आला. मीही आले. सुरुवातीला पिंढऱ्या अशा धरल्या की जिना उतरताना आई आठवायची. पण मग गंमत वाटायला लागली. माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, काल टँकर कुठे सांडला, सगळं पायाला कळायचं. पहिल्यांदा मूग ओळखला तेव्हा मी भर रस्त्यात ओरडले. पाय जागा झाला म्हणून नानांनी दोन्ही हात वर केले. “आते व्हयना पाय जागा!”

एकदा सराफाने डाव उलटवला. “नाना, आज तुमची परीक्षा.” नानांनी डोळे मिटले. सराफाने आम्हाला डोळा मारला आणि रस्त्यावर काहीच ठेवलं नाही. नानांनी पाय टेकवला, जरा दाबला आणि म्हणाले, “मूग.”

आम्ही पोट धरधरून हसलो. नानाही हसले, सगळ्यांत मोठ्याने, आणि लगेच पळत सुटले. माझं हसू मात्र अडलं. हरल्यावर वाद न घालता जाणारा हा माणूस नव्हे. तासभर भांडून तिथे मूग होता असं त्यांनी सिद्ध केलं असतं.

हिवाळ्यात नाना आम्हाला रस्ता सोडून शिवारात न्यायचे. कपाशी उपटून झालेली असायची, बांधावर बाभळी. एका सकाळी ते पुढे आणि मी मागे पळत होते. धुळीत त्यांच्या उजव्या पावलाच्या ठशात ओला डाग दिसला. पुढच्या पावलालाही डाग. रक्त होतं ते.

“नाना, थांबा!”

“कसाले?”

मी दंडाला धरून त्यांना बांधावर बसवलं आणि बूट ओढला. बाभळीचा काटा बुटाच्या तळव्यातून आरपार जाऊन अंगठ्याखाली रुतला होता. उपटला तेव्हा माझ्याच तोंडून ‘आई गं’ निघालं. नाना पायाकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

“दुखत नाही?” मी विचारलं.

ते हसायला गेले, पण जमलं नाही. “ताई, मन्हा पायले काहीच समजत नही. बराच दिवस व्हयनात.”

मग गावची बोली आणि शहरची भाषा यांची सरमिसळ करत ते बोलत राहिले. डॉक्टर म्हणतो, शुगरने नसा गेल्या. जाड बूट घाला, पळणं सोडा. “आता तुम्हीच सांगा ताई, जाड बुटात काय समजनार? पातळ घातले तं एखाद दिवस समजेल, म्हणून घेतले.” आम्हाला पाय जागा करायला शिकवणारा माणूस स्वतःचा पाय जागा होतोय का, याची रोज पहाटे वाट बघत होता.

“घरमा सांगू नका,” ते म्हणाले. “बसाडी देतीन.” घरचे आपल्याला बसवून ठेवतील, एवढीच भीती होती त्यांना. पाय जाईल याची नव्हती.

मी त्याच सकाळी नानांच्या बायकोला, वहिनींना, सांगितलं. आजही तेच करीन. पण टाचेवर पट्टी बांधून लपवलेली एक जुनी जखम निघाली, ती अंगठ्यापेक्षा वाईट. अंगठा काढावा लागला, टाच कशीबशी वाचली. दवाखान्यात भेटायला गेले तर नानांनी भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीलाच सांगितलं, “मास्तरीण चुगलखोर शे.” मला रडू आलं आणि संतापही आला. अहो, पाय राहिला ना!

घरी आल्यावरही पहाट झाली की ते दाराची कडी काढायचे. वहिनी धावायच्या. शेवटी त्या नानांना शिंदखेड्याला दिरांकडे घेऊन गेल्या. तलावावर आमचा गट पांगला. सराफाने जाड बूट घेतले. कोणी त्याला चिडवलं नाही.

यंदा भाचीच्या साखरपुड्याला धुळ्याला गेले होते. जाऊ की नको, जाऊ की नको करत दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याची एसटी पकडली. नाना अंगणात खुर्चीवर होते. पायांत डॉक्टरांनी दिलेले भलेमोठे, मऊ बूट. पाय अगदी स्थिर होते. बोटं मात्र खुर्चीच्या हातावर सारखी वाजत होती. वहिनींनी नुकतंच पाणी शिंपडलं होतं.

आता हे काय बोलतात म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. नाना बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले.

“ताई, बूट काढा.”

“का हो?”

“काढा तं खरं.”

मी काढले आणि अंगणात अनवाणी उभी राहिले.

“कशी शे जमीन?”

“वरून गार आहे, नाना. आत तापलेली आहे.” मी एक पाऊल टाकलं. “इथे शेणाने सारवलंय, खरखरीत लागतंय. इथे चिखल झालाय, बोटांत शिरतोय. हा खडा टोचला.”

“बारीक का मोठा?”

“बारीक. पण टोकदार.”

बोटं वाजायची थांबली. “आखो सांगा,” नाना म्हणाले. त्यांना आणखी हवं होतं.

वहिनी चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. चहा निवला, परतीची एसटी गेली, आणि मी आपली अंगणभर चालत होते आणि सांगत होते.