शैलावहिनी आणि बंद केलेलं दूध

परिपाठ संपून पोरं वर्गात शिरत होती, तेव्हा दादाचा फोन आला. "शैला गेली," एवढंच म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवला. मागे कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं, बाहेर गल्लीत एक गाडी मागे घेत असल्याचा आवाज येत होता... मी मुख्याध्यापकांना सांगून मानवतहून मिळेल त्या एसटीनं सेलू गाठलं. वहिनीला अंगणात भिंतीला टेकवून बसवलं होतं, आम्हा लिंगायतांत बसवतात तसं. कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, मान किंचित डावीकडे. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. गल्लीतल्या बायका येत होत्या, पाया पडत होत्या आणि जाताना म्हणत होत्या, "बाईनं लेकरासाठी लय केलं." यातल्याच काही जणी नऊ वर्षांपूर्वी आमच्या ओट्यावर बसून म्हणत होत्या, "लेकराचं दूध तोडणारी आई आजपातूर बघितली न्हाई." मी त्यांच्याकडे बघत होते. कुणालाच ते आठवत नव्हतं. मला आठवत होतं, कारण त्या वेळी त्या ओट्यावर मीही होते.

या गोष्टीला सव्वा महिना झाला. वहिनीबद्दल चांगलं लिहायला बसले, तर चांगलं लिहिण्याचा हक्क मला कितपत आहे, हेच आधी सांगावं लागतंय.

वहिनी पिंगळीजवळच्या एका लहान गावातून आमच्या घरात आली. बारावी शास्त्र झालेली, उंच, कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईनं तिला परसातली म्हैस दाखवली आणि म्हणाली, "या घरात दूध कधी विकत आणलं न्हाई, बघ." आमचं सरकी-पेंडीचं दुकान, त्यामुळे जनावर पोसणं अवघड नव्हतं, पण त्याहून मोठी गोष्ट मानाची होती. पाहुण्याला चहाआधी पेलाभर दूध द्यायचं, लेकरू रडलं तर दूध, ताप उतरला तर दूध. वहिनी हसून म्हणाली होती, "म्हणजे मी आले म्हणून तिला जोडीदारीण मिळाली." आईला ते आवडलं नाही, दादा मात्र खूप हसला. वहिनीचा हा थट्टेखोर स्वभाव पुढे कुठे गेला, ते मला ठाऊक आहे.

वहिनीची लेक ओवी वर्षाची होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग अंगावरचं दूध कमी झालं आणि म्हशीचं सुरू झालं. दीड-दोन महिन्यांत पोरीची संडास घट्ट व्हायला लागली. आधी दोन दिवसांनी, मग चार, मग सहा. शेळीच्या लेंड्यांसारखे कडक खडे, त्यावर रक्ताची रेघ. घराघरांत असतात ते सगळे उपाय झाले. काळ्या मनुका झाल्या, एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ झाला, साबणाची कांडी झाली, नजर काढून झाली. आणि सगळ्यात ठरलेला, सगळ्यात खात्रीचा मानलेला उपाय म्हणजे गरम दुधात चमचाभर तूप. ते रोज, संध्याकाळी, आई स्वतःच्या हातानं पाजायची. पोरगी दाराआड जाऊन उभी राहायची, पायाला पाय घट्ट चिकटवून, टाचा उचलून, तोंड लालबुंद. आम्हाला वाटायचं, कुंथायलीय. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की ती कुंथत नव्हती, धरून ठेवत होती. दुखतं म्हणून बाहेर येऊच द्यायचं नाही, एवढं तिला कळलं होतं. "आई, न्हाई, आई, न्हाई," असं ती दाराशी बोलायची. तो आवाज ऐकून मी एकदा उठून परसात निघून गेले होते. वहिनीला उठून जाता येत नव्हतं.

वहिनीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. संडास झाली त्या दिवशी टिंब, रक्त दिसलं तर फुली. सेलूतल्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं होतं, ते चालू असेपर्यंत थोडं बरं, की पुन्हा तेच. मग दुकानाच्या हंगामात म्हैस आटली आणि दुसरी आणेपर्यंत आठ-दहा दिवस घरात दूध फक्त चहापुरतं होतं. त्या दिवसांत कॅलेंडरवर रोज टिंब. वहिनीनं ते दादाला दाखवलं. तो म्हणाला, "योगायोग असंल." तिनं आईला दाखवलं. आई म्हणाली, "दूध न्हाई मिळालं म्हणून पोट रिकामं झालं, त्यात काय?"

शेवटी वहिनी एकटीच पोरीला घेऊन परभणीला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली, कॅलेंडरची पानं पिशवीत घालून. बाईंनी तपासलं, पानं नीट बघितली आणि समजावून सांगितलं, की बहुतेक लेकरांचं बद्धकोष्ठ दुधामुळे नसतं. पण काहींना दुधातलं प्रथिन सोसत नाही, आतून सूज येते, आणि अंगावर पुरळ किंवा उलट्या न होता नुसती संडास आवळते. औषध चालू ठेवायचं आणि महिनाभर दूध पूर्ण बंद. म्हशीचं, गाईचं, शेळीचं, कुठलंच नाही. दही, ताक, तूप, पेढा, बिस्किट, काहीच नाही. मग पुन्हा देऊन बघायचं.

घरात हे सांगितल्यावर आई अर्धा दिवस जेवली नाही. "लेकराला दूध न्हाई द्यायचं तर काय पाणी पाजून वाढवायचं?" दादा मध्ये पडला नाही. वहिनीनं भांडण केलं नाही. पोरीची भांडी वेगळी काढली आणि ज्वारीची आंबील, तिळाची चटणी लावलेला भात, वरण, नारळ-गुळाची खीर असं सुरू केलं. दहा-बारा दिवसांत फरक पडला. पोरगी दाराआड जायची थांबली.

तेव्हा मला सुट्ट्या लागल्या आणि मी माहेरी आले.

आई माझ्या गळ्यात पडून रडली. "लेकरू सुकायलंय. ही बाई ऐकायली न्हाई." ओवी मला सुकलेली दिसली नाही, खरं सांगायचं तर. पण मी बीएड झालेली, नोकरीवाली, या घरची लेक. आणि ही बारावी शिकलेली बाई एका डॉक्टरचं ऐकून आमच्या आईला चुकीचं ठरवते, हे मला सोसलं नाही. दुपारी वहिनी दादाचा डबा घेऊन दुकानात जायची, तासभर तिथं बसायची. "ओवीला मी सांभाळते," मी म्हणाले. तिला किती बरं वाटलं होतं. "ताई, तुमी आलात ते लय चांगलं झालं," असं म्हणाली. पहिल्याच दुपारी आईनं अर्धा पेला दूध साखर घालून आणलं आणि मी ते ओवीला पाजलं. ओठ पदरानं पुसले. तिच्या कानात म्हणाले, "आईला न्हाई सांगायचं." असं पाच दुपारी.

सहाव्या दिवसापासून पोरीची संडास बंद. पुढे चार दिवसांनी झाली ती रक्तासकट. वहिनी कॅलेंडरसमोर उभी होती. मला म्हणाली, "ताई, माझंच चुकलं वाटतं. दूध बंद असूनबी झालंच की." मी काय म्हणाले, ते अजून शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "जाऊ दे वहिनी, प्रयत्न तर केलास." दादानं त्या संध्याकाळी सांगून टाकलं, की हे प्रयोग पुरे झाले. दूध उघडपणे पुन्हा सुरू झालं. सुट्ट्या संपल्या, मी मानवतला परत आले.

त्यानंतर सात-आठ महिने त्या पोरीनं जे सोसलं, ते माझ्या नावावर आहे. आईला समजत नव्हतं असं म्हणता येईल. मला मात्र सहाव्या दिवशीच समजलं होतं. कळूनही मी गप्प बसले, कारण बोलायचं तर मी काय केलं ते सांगावं लागलं असतं.

एक दिवस ओवीचं पोट दगडासारखं झालं, ती खाईना, उलट्या झाल्या आणि तिला परभणीला दाखल करावं लागलं. मी तिथं गेले. त्याच डॉक्टर बाई होत्या. वरून औषध, खालून एनिमा, दोन दिवस ते चाललं. पोरगी किंचाळायची आणि वहिनी तिचे हात धरून बसायची. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "मागच्या वेळी दूध पूर्ण बंद होतं ना?" वहिनी म्हणाली, "थेंबबी दिला न्हाई." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तेव्हाही बोलले नाही. ओवीनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आत्या दूद. आईला न्हाई सांगायचं."

एवढे महिने त्या लेकरानं ते जपून ठेवलं होतं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओरडेल, मारेल. मारायला हवं होतं. तिनं पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि डॉक्टरांना शांतपणे म्हणाली, "म्हणजे बंद नव्हतं, बाई. पुन्हा करते."

दवाखान्यातून ती सासरी आलीच नाही, थेट माहेरी गेली. सव्वा महिन्यानं परत आली तेव्हा ओवीचे गाल भरले होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून एकदा थोडं दूध देऊन पाहिलं, तिसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा दाराआड. मग कुणी वाद घातला नाही. दादानं पोरीला जवळ घेतलं आणि रडला. आई म्हणाली, "वय वाढलं की आपोआप बरं होतं." आजही तेच म्हणते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू पुन्हा सवय करत करत पाचव्या वर्षी ओवीला दूध चालायला लागलं, त्यामुळे आईला तर पुरावाच मिळाला. गल्लीतल्या बायका आपापली पोरं घेऊन वहिनीकडे यायला लागल्या. ती त्यांना म्हणायची, "माझ्या लेकराचं तसं होतं, तुमच्याचं तसंच असंल असं न्हाई. आधी डॉक्टरला दाखवा." कुणाला कधी तिनं टोमणा मारला नाही. मलाही नाही. सणाला साडी, चहा, "ताई बसा," सगळं तसंच. फक्त माझ्यासमोर ती थट्टा करेनाशी झाली. मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असं करत नऊ वर्षं गेली.

गेल्या दिवाळीत ती दोन घास खाऊन ताट बाजूला सारत होती. पोट फुगल्यासारखं वाटतं म्हणाली. मी म्हणाले, "ॲसिडिटी असंल." ती म्हणाली, "असंल." तीन महिन्यांनी अंडाशयाचा कॅन्सर निघाला, पोटभर पसरलेला. तो उशिराच कळतो, असं डॉक्टर म्हणाले. खरंही असेल. शेवटची भेटले तेव्हा मी न राहवून विचारलं, की इतके दिवस दुखत होतं तर बोलली का नाहीस. तिनं डोळे मिटूनच उत्तर दिलं. "पोटाचं दुखणं या घरात सांगून काय होतं, ते बघितलं होतं की मी, ताई..." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही तरी धरायला मिळालं असतं.

परवा सेलूला गेले. दादा दुकानात, आई झोपलेली. ओवी स्वयंपाकघरात होती, अकरा वर्षांची, वहिनीसारखीच उंच. मी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून दिला. तिनं तो उलटा केला आणि खिडकीशी जाऊन मागची बारीक अक्षरं वाचायला लागली, ओठ हलवत.

"आता तर तुला सगळं चालतं ना गं?" मी म्हणाले.

"चालतं की," ती म्हणाली. "पण आई वाचूनच द्यायची. तुमी आणलेलं तर दोनदा वाचायची."

ती सहज बोलली, मला लागावं म्हणून नाही. का दोनदा, हे तिला ठाऊकही नसावं. मी उठून पाण्याचा तांब्या घेतला. मागे वळून पाहिलं, तर तिनं पुडा पुन्हा उजेडात धरला होता आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागली होती.