लिहून देणार, लिहून घेणार

पृथ्वीच्या पाठीवर आमच्या चुलत सासऱ्यांइतका, म्हणजे काकांइतका, कागदावर विश्वास ठेवणारा दुसरा माणूस नसेल. त्यांचं चाललं असतं तर त्यांनी सूर्याकडूनही वेळेवर उगवण्याचं लेखी घेतलं असतं, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. शेजारच्या लिंबाचा पाला आमच्या अंगणात पडतो, त्याचा करार आहे: पाला ज्याचा त्यानं झाडायचा, सावली मात्र दुपारी चारपर्यंत आमची. नातवंडांशी दुपारच्या झोपेचा करार आहे. त्यात 'लिहून देणार' तीन, आणि त्यातल्या धाकटीला अजून लिहिता येत नाही म्हणून तिचा अंगठा आहे. एकदा काकांनी तंबाखू सोडायचं ठरवलं तेव्हा 'लिहून देणार' म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि 'लिहून घेणार' म्हणूनही स्वतःचंच. तीन आठवड्यांनी तो करार मोडला, तेव्हा ते स्वतःवर इतके संतापले की दोन दिवस आरशात बघून दाढी करेनात. काकूंपुढे मात्र त्यांची डाळ कधी शिजली नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या वर्षी काकांनी 'उभयपक्षी चहा दिवसातून चार वेळा' असा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. काकूंनी तो वाचला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या पिठाच्या डब्याखाली सरकवला. डबा अजून हलत नाही.

या सगळ्या कागदांचा भार माझ्यावर. पिंगळीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि सातबाऱ्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळी कामं. लोकांच्या दृष्टीनं मी टायपिंगवाली वहिनी असले तरी काकांच्या दृष्टीनं मी त्यांची दुय्यम निबंधक. सकाळी शटर अर्धं वर गेलं की खालून आधी त्यांची काठी आत येते, मग ते. "सूनबाई, लिव," एवढंच म्हणतात आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसतात. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, एखादी गोष्ट नुसतं बोलून करून बघा ना." ते म्हणाले, "जबान आज एक बोलती, उद्या दुसरंच. कागद मातर जिथं ठिवला तिथंच ऱ्हातो." मी टाइप करत बसले.

काका परभणीच्या कृषी विद्यापीठात कारकून होते. तिथं शिकायला आलेली लांबलांबच्या राज्यांतली मुलं संध्याकाळी फुटबॉल खेळत. काका फाइल काखेत धरून मैदानाच्या कडेला उभे राहत आणि शेवटची गाडी चुकवत. रिटायर झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात, काकांनी गावात फुटबॉलचा क्लब काढला. जिथं पोरांना क्रिकेट आणि कबड्डी सोडून तिसरा खेळ माहीत नव्हता, तिथं त्यांनी बोअरच्या जुन्या पाइपांचे गोलपोस्ट उभे केले, काळ्या रानातली ढेकळं स्वतः फोडून मैदान केलं आणि क्लबाची घटना एकोणतीस कलमांची लिहिली. नियम त्यांना सगळे पाठ होते, फक्त ऑफसाइड कळत नव्हता. परभणीच्या एका सामन्यात आमचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला, तेव्हा काका सरळ मैदानात शिरले आणि पंचांना म्हणाले, "लेखी द्या." पंच म्हणाले, आजोबा, बाहेर व्हा. काका म्हणाले, "त्येबी लेखी द्या." खेळ दहा मिनिटं थांबला होता.

तो गोल बालाजीचा होता. आमचे सगळेच गोल बालाजीचे असत. शेळ्यांमागं धावून वाढलेला वीस वर्षांचा काटक पोरगा, आणि चेंडू त्याच्या पायाशी पाळलेल्या करडासारखा घुटमळायचा. बाकीचे दहा जण मैदानात असत ते मुख्यतः चेंडू त्याच्याकडे पोचवायला. बालाजीचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते अठरा वर्षं काकांच्याच शेतात सालगडी होते. दर पाडव्याला काकांच्या ओसरीवर साल ठरायचं, पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस बांधला जायचा. आता पाठीनं साथ सोडल्यामुळे अण्णा घरच्या शेळ्या बघत.

मागच्या फाल्गुनात पुण्याच्या एका क्लबाची दोन माणसं आमचा सामना बघून गेली आणि गावभर झालं की बालाजीला पुण्याला नेणार. काकांची झोप उडाली. बालाजी गेला तर क्लब कसला, नुसते पाइप उभे राहतील, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. दुसऱ्या दिवशी शटरखालून काठी आली. "सूनबाई, लिव. पाडव्याला बालाजीला बांधून घ्यायचाय." आणि त्यांनी घरच्या कपाटातून आणलेला एक जुना, घड्यांवर फाटलेला कागद माझ्यापुढे ठेवला. तो सालगड्याचा करारनामा होता. त्यात 'शेती' खोडून 'फुटबॉल' आणि 'मालक' खोडून 'अध्यक्ष' केलं होतं. मी म्हटलं, "काका, हे जरा वेगळं लिहू या का?" ते दुखावले. "आमच्या आज्यापासून ह्याच कागदावर गडी टिकलेत. एकबी मधात सोडून गेला न्हाई." मला तेव्हाच ठाम बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाल्यावर बालाजी आणि अण्णा आले. काका ओसरीवर एकुलत्या खुर्चीत बसले होते. अण्णा सवयीनं चपला काढून खालच्या पायरीवर टेकले. बालाजी उभाच राहिला. मी वाचायला लागले: पाडवा ते पाडवा बारा महिने लिहून देणार याने क्लबाकडे राहावे, मोबदला ज्वारी सहा क्विंटल, कपड्यांचे दोन जोड, एक घोंगडी आणि पायताणाचा एक जोड. काका मधेच म्हणाले, "पायताण म्हंजी फुटबॉलचे बूट. चांगले, कंपनीचे." मग सातवं कलम आलं: आजारपणाने खाडा पडल्यास लिहून देणार याने बदली माणूस द्यावा. मी वाचता वाचता अडखळले. पण अण्णा पायरीवरून अगदी मनापासून म्हणाले, "म्या यीन की बदलीला. पाठ दुखती, पर उभा ऱ्हाईन. त्या चेंडूला हात लावायचा नसतो म्हणं, तेवढं जमंल."

मला हसू फुटलं. अण्णा पुण्याच्या लोकांपुढे स्ट्रायकर म्हणून उभे आहेत, असं काहीतरी डोळ्यापुढं आलं. मग मी बालाजीच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू तिथंच विरलं.

"काका," तो म्हणाला, "तुमच्याकडून खेळायला म्या कवा न्हाई म्हणलोय का? पर साल घालणार न्हाई. आमच्या अण्णानं अठरा साल ह्याच पायरीवर बसून अंगठा दिलाय. म्या सही शिकलो ती ह्या कागदासाठी न्हाई." त्यानं अण्णांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि निघाला. फाटकापाशी अण्णा हात सोडवून चपला घ्यायला परत आले आणि हळूच म्हणाले, "मालक, पोरगं हाय. राग धरू नगा."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. काका हट्टाला पेटले. त्यांना वाटलं, मोबदला कमी पडला. दुसऱ्या मसुद्यात ज्वारी आठ क्विंटल झाली, तिसऱ्यात गहू आले, पाचव्यात घोंगडीच्या जोडीला रजई आली, सहाव्यात एक गाभण शेळी. प्रत्येक मसुदा घेऊन क्लबाचा गोलकीपर बालाजीकडे जाई आणि तसाच परत येई. "न्हाई म्हणलंय," असं तो सांगे. "तोंडी म्हणलंय की लेखी?" काका विचारत. मी सातव्यांदा सातवं कलम टाइप केलं तेव्हा माझ्या बोटांनाही ते पाठ झालं होतं.

त्याच आठवड्यात बालाजी दुपारी दुकानात आला. पुण्याच्या क्लबानं मोबाइलवर करार पाठवला होता, इंग्रजीत, अकरा पानांचा. हंगाम दिवाळीनंतरचा होता, तोवर कळवायचं होतं. मी छापायला लावला आणि एकेक पान त्याला मराठीत सांगत गेले. तो पगाराला मान हलवे, राहण्याखाण्याला मान हलवे. मग त्यानं विचारलं, "वहिनी, त्यात खाड्याचं काय लिवलंय?" मी शोधलं. खेळाडूला दुखापत झाली तर उपचार क्लब करील आणि पगार चालू राहील, असं होतं. "परत वाचा," तो म्हणाला. मी परत वाचलं. तो उठून गेला आणि पानं ट्रेमध्येच राहिली.

नेमकी तेव्हाच काठी आत आली. मला पानं लपवायची होती, पण कागद दिसल्यावर काकांना थोपवणार कोण? त्यांनी ती हातात घेतली, मोजली, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सहीची जागा बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अकरा पानं! काय मसुदा हाय, सूनबाई. वा!" शत्रूची तलवार हाती घेऊन तिचं पाणी बघत बसावं तसे ते रंगून गेले. मग मी त्यांना ते दुखापतीचं कलम मराठीत सांगितलं. त्यांनी पानं खाली ठेवली. मला मात्र आता राहवेना. "काका, तुम्हाला गडी पाहिजे का स्ट्रायकर?"

"फरक काय हाय? दोगंबी मनापासून राबतेत."

"फरक अण्णांना विचारा. अठरा वर्षं तुमच्या पायरीवर बसले. तुमच्या शेजारी किती वेळा बसले?"

माणूस प्रामाणिक, म्हणून ते खरोखरच आठवायला लागले. बाकावर बसून आठवत होते, मध्ये एकदा ओठ हलले, पण आकडा काही बाहेर आला नाही. मग काठी घेऊन उठले आणि कोरा स्टॅम्प पेपर मागून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं. बालाजीचं घर आमच्या शेताला लागून, तरी काका त्या दारात पहिल्यांदाच आले होते. अण्णांची धांदल उडाली, काय अंथरावं ते सापडेना. काका शेळ्यांच्या दावणीशेजारी तसेच मातीत बसले. "सूनबाई, लिव. लिहून देणार: म्या. लिहून घेणार: बालाजी. आता ह्यो सांगंल ते लिव."

बालाजी पहिल्यांदा बिचकला. पण पोरगा मैदानात जसा, तसाच इथं; मोकळी जागा दिसली की तो थांबत नाही. दुखापत झाली तर परभणीच्या दवाखान्यात क्लबानं न्यायचं. कबूल. बदली माणसाचं कलम रद्द. कबूल. प्रत्येक सामन्याला अण्णांची खुर्ची अध्यक्षांच्या शेजारी.

"क्लबाकडं खुर्ची एकच हाय," काका म्हणाले.

"मग दुसरी घ्या."

"कबूल."

"आन् पुण्याला जायची येळ आली की म्या जाणार. तुमी आडवं यायचं न्हाई."

इथं गाडं अडलं. काका काठीनं मातीत रेघा ओढत राहिले. बालाजीची आई शेळ्या सोडून चारायला घेऊन गेली तरी ते तसेच. "एक साल तरी ऱ्हा." न्हाई. "बरं, संक्रांतीपत्तोर?" न्हाई, काका. "मग मुदत तरी असू दे. पंधरा दिवस आधी लेखी सांगायचं." "आठ," बालाजी म्हणाला. काकांनी मान वर केली. आयुष्यभर गड्यांना अटी घातलेल्या माणसानं आठ दिवस मिळवले, आणि मला खरंच वाटतं, त्यांच्या आजवरच्या करारांत त्यांनी सगळ्यात कष्टानं मिळवलेलं काही असेल तर ते आठ दिवस. त्यांनी दोनदा वाचून सही केली. बालाजीनंही केली, मोठी, पूर्ण नावाची.

त्या सहा महिन्यांत बालाजी जसा खेळला तसा आधी कधी खेळला नव्हता. जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत हरलो, पण त्याचं मला दुःख नाही. मला आठवतात त्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पहिल्या सामन्याला अण्णा खुर्चीच्या अगदी कडेला, अर्धे हवेत बसले होते. तिसऱ्या सामन्यापर्यंत ते मागं टेकून बसायला लागले आणि काका त्यांना ऑफसाइड समजावून सांगायला लागले. सगळं चुकीचं. अण्णा मान हलवून म्हणायचे, "बराबर हाय." पाचव्या सामन्यात अण्णा पहिल्यांदाच म्हणाले, "न्हाई, तसं नसंल." दोघांचा वाद सामना संपल्यावरही चालू होता.

दसरा झाला आणि बालाजीनं काकांच्या हातात लेखी पत्र दिलं: आठ दिवसांची मुदत. काकांनी त्यावर 'मिळाले' असं लिहून तारीख घातली. पुण्याच्या क्लबाला आमच्या क्लबाचा ना हरकत दाखला हवा होता. सातव्या दिवशी दुपारी काका दुकानात आले. मी कॉम्प्युटरवर नवं पान उघडलं आणि म्हटलं, "सांगा काका."

ते बाकावर बसून राहिले. बाहेर ऑटोवाला पाशिंजर ओरडत होता. "सूनबाई," ते म्हणाले, "हरकत न्हाई असं कसं लिवायचं? हरकत हाय की. लय हरकत हाय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पर जाऊ दे त्याला. मला सांगायला जमंना गेलंय. तूच लिव."

त्यांनी माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला, सही केली आणि निघून गेले. सही त्यांनी पानाच्या अगदी तळाशी केली होती, वर मला लिहायला भरपूर जागा राहावी म्हणून. मला रडू आलं. मग तोच कागद प्रिंटरमध्ये घालून मी ना हरकतीच्या दोन ओळी छापल्या, आणि बाकीचं पान तसंच मोकळं राहिलं.