सायबिणीचा दमा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांचा एक कारखाना आहे. तिथं नागूबाई एकोणीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरते आणि त्यातली बरीचशी वर्षं खोकते. कारखान्याच्या हवेत सुताची धूळ इतकी, की जेवायला बसलं तर चौथ्या घासापर्यंत भाकरीला लव फुटते. पण मालक शरणबसव यांची आरोग्ययोजना चोख. जेवणानंतर प्रत्येकाला गुळाचा एक खडा, अगदी फुकट. गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली उतरते, असं मालकांचे आजोबा सांगून गेले होते. खाली म्हणजे कुठं, हे आजोबांना कुणी विचारलं नाही.

आजाऱ्यांच्या बाबतीत तर कारखाना फारच दयाळू. मागं भुवनेश्वरी नावाची कांडीवाली छातीच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली. मुकादम जोतिरामनं ती वाचली, चुकचुकला आणि म्हणाला, "आक्का, तुमी आता आराम करा." तो आराम तीन वर्षं चालू आहे. तेव्हापासून नागूबाई यंत्रांच्या खडखडाटातच खोकून घेते आणि दवाखाना दिसला की रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला बघते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी धम्मप्रिया कॉलेजच्या ऑफिसात कंत्राटी, म्हणजे दर अकरा महिन्यांनी तिची नोकरी मरते आणि पुन्हा जन्माला येते. अशा घरात आराम परवडत नाही.

उंदीर सूत कुरतडायला लागले तेव्हा कारखान्यात एक मांजर नेमण्यात आलं. त्या मांजरीनं दोन वर्षांत एकही उंदीर मारला नाही. दिवसभर घडी केलेल्या टॉवेलांच्या थप्पीवर डोळे मिटून बसायची, म्हणून बायांनी तिचं नाव सायबीण ठेवलं. पुढं सायबिणीलाही खोकला लागला. मान लांबवून, पोट जमिनीला टेकवून ती असं काही खोकायची, की बघणाऱ्याचाच जीव घाबरा व्हावा. एके दिवशी मालक बाहेरगावच्या व्यापाऱ्याला माल दाखवत होते, आणि सायबिणीनं नेमका तोच मुहूर्त साधला.

"मांजराला काय झालंय? इथली हवा बरी नाही का?" व्यापाऱ्यानं विचारलं.

एवढ्या वर्षांत कारखान्याच्या हवेची चौकशी झाली ती ही पहिली, आणि तीही मांजरामुळं. संध्याकाळी जोतिरामनं पोतं काढलं. "लांब माळावर सोडून या कुनीतरी."

खोकणाऱ्याचं या कारखान्यात काय होतं, हे नागूबाईला पाठ होतं. "आना हिकडं. जाता जाता सोडते की," ती म्हणाली आणि पोतं घेऊन थेट बुधवार पेठेतल्या आपल्या घरी आली.

"आई, एक खोकणारी पुरेना व्हय घरात?" धम्मप्रियानं कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी तिनंच जनावरांचा डॉक्टर शोधून काढला. डॉक्टरनं सांगितलं, दमा आहे. जन्मभराचा. बरा होणार नाही, सांभाळावा लागेल. सकाळ-संध्याकाळ तोंडाला छोटी वाटी लावून औषधाचा पंप मारायचा आणि दहा श्वास मोजायचे.

मांजराला पंप मारतात ही बातमी गल्लीत लगोलग पोचली. पहिले चार दिवस बघायला गर्दी. शेजारची बाळाबाई म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याला साधी गोळी मिळंना, आन हिला पंप!" नागूबाईनं कुणाचं ऐकलं नाही. स्वतःच्या खोकल्याला जिनं कधी हळदीचं दूध दिलं नाही, ती आता सायबिणीला मांडीवर दाबून सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला दहा-दहा श्वास मोजत बसू लागली.

औषध लागू पडलं, पण अर्धवट. दिवसभर सायबीण बरी असायची. संध्याकाळी नागूबाई कामावरून आली, लाडानं तिला कुशीत घेतलं, की पुन्हा खोकला. सुट्टीच्या दिवशी मात्र काही नाही. पुन्हा डॉक्टर.

डॉक्टरनं सायबिणीची छाती तपासली. मग कानातल्या नळ्या काढल्या, तरी श्वासाची शिट्टी ऐकू येतच होती. त्यांनी मांजराकडं पाहिलं. मांजर तर शांत होतं. मग त्यांनी नागूबाईकडं पाहिलं आणि तिच्या अंबाड्यातून पांढऱ्या सुताचा एक पुंजका अलगद उचलला.

"मावशी, ही धूळ तुम्ही रोज घरी आणता. हिला तीच बाधते. आणि तुमच्या छातीत ती किती वर्षं जातेय?"

"मी रोज गूळ खाते की."

"बरं. मग हिलाही गूळच देऊ या का?"

"मांजराला गूळ? येडं का काय डॉक्टर! गुळानं कुटं दमा…" नागूबाई बोलता बोलता थांबली. एकोणीस वर्षं रोज एक खडा खाल्ला होता. मांजराला द्यायचं म्हटलं, तेव्हा तो निव्वळ येडेपणा निघाला. तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती जोतिरामसमोर उभी राहिली. "मुकादम, मला कांड्यांवरून काढा. घडीखात्यात टाका. तितं धूळ कमी हाय."

"का वो?"

"माझ्या मांजराला दमा हाय."

स्वतःसाठी हे तोंड एकोणीस वर्षांत उघडलं नव्हतं. पोतं आठवून जोतिरामला सगळं उमगलं आणि तो हसायला लागला. "मांजराला दमा, म्हून बाईची बदली! मालकाला काय सांगू वो…" हसता हसता त्याला ठसका लागला. ठसक्याचा खोकला झाला, आणि तो काही थांबेना. टेबल धरून तो वाकला, डोळ्यांतून पाणी आलं. सायबिणीसारखंच मान लांबवणं, पोट आत ओढणं. नागूबाईनं सवयीनं कनवटीचा गुळाचा खडा पुढं केला. जोतिरामनं तो घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"जावा सोमवारपास्नं घडीखात्यात," तो दम खात म्हणाला. मग इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "तुमचा त्यो डॉक्टर बसतो कवा?"

"त्यो जनावरांचा हाय."

"मग बरंच हाय की. त्यो चिठ्ठी तर लिवणार न्हाय."

नागूबाईला हसूही आलं आणि भडभडूनही आलं. भुवनेश्वरीला आराम देणारा हा माणूस तिच्यासारखाच यंत्रांच्या आवाजात खोकत होता.

"मानसांच्या डॉक्टरकडं जाऊ. चिठ्ठी दोगंबी घेऊ," ती म्हणाली. "तुमालाच आराम दिला, तर बाकीच्यांना आराम द्यायला मालकापाशी हाय कोन? उद्या सकाळी या घराकडं. सायबिणीचा पंप झाला की निघू."