रिव्हर्स लाइट

दत्तामामांच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या गाळ्यात मी अकरा वर्षं काढली. गाड्या दुरुस्त होऊन जायच्या, त्यांच्या गोष्टी मात्र आमच्याकडेच राहायच्या. कमरेचं दुखणं आणि हे किस्से, एवढंच मी तिथून घरी आणलं.

नव्वदीच्या सुरुवातीला अंबरनाथच्या रिक्षा-टेम्पोवाल्यांना रिव्हर्स लाइटचं वेड लागलं. गाडी मागे घेताना उजेड पडावा म्हणून मागे पांढरा दिवा. गाडीसोबत तो यायचा नाही, आम्ही बसवायचो आणि हँडलजवळ बटण द्यायचो. मागे जाताना दाबायचं, पुढे जाताना आठवणीने बंद करायचं. सगळा घोटाळा त्या ‘आठवणीने’चा.

*

बदलापूरचा किसन टेम्पोला लाइट लावून गेला आणि दुसऱ्या दिवशी खूश होऊन परत आला.

“काल अख्ख्या रस्त्यात मागून एकानेही हॉर्न मारला नाही. सगळे लांब लांब राहत होते.”

मामा टेम्पोच्या मागे गेले. लाइट अजून चालूच होता.

“किसन,” मामा म्हणाले, “त्यांना वाटलं तू अंगावर येतोयस.”

*

जवळच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणारे एक शेठ होते. त्यांचा टेम्पो गल्लीत मागे घेताना शेजाऱ्याची पायरी फुटायची, म्हणून लाइट लावला. पायरी पुन्हा फुटली. या वेळी शेजारी थेट आमच्याकडे आला.

“शेठ बोलता है, पहले अंधेरा था, मेरी गलती. अब लाइट है, तो लाइटवाले को पूछो.”

वाद घालायचं त्राण आम्हा दोघांतही नव्हतं. रविवारी मी आणि मामा सिमेंट घेऊन गेलो. थापी फिरवता फिरवता मामा म्हणाले, “वायरिंगपेक्षा हे बरं. शॉक लागत नाही.”

*

सोनवणेची रिक्षा रोज सकाळी ढकलून सुरू व्हायची. लाइट लावल्यापासून बॅटरी उतरते, असं तो म्हणायचा. आम्ही दोनदा वायर बदलली. शेवटी त्याची बायको आली.

“भाऊ, तुमचं काही चुकलेलं नाही. आमच्याकडे वीज जाते आणि पोरगी दहावीला आहे. ती रिक्षामागे बसून वाचते. ह्यांना सांगू नका.”

संध्याकाळी सोनवणे आला तेव्हा मामांनी बॅटरी तपासल्यासारखं केलं. म्हणाले, “जुनी झालीय. मार्चपर्यंत ढकल.”

*

बुवापाड्यातला मिलिंद रिक्षा चालवायचा. त्याचे वडील, आबा, कारखान्यातून रिटायर झालेले. पोराला त्यांनी खटपट करून तिथेच चिकटवलं होतं. त्याने ती नोकरी सोडून रिक्षा घेतली, तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद. सहा वर्षं एकाच घरात, एकाच तव्यावरची भाकर, पण शब्द नाही.

त्यांची गल्ली इतकी अरुंद, की रिक्षा उलटीच आत न्यावी लागायची. एका बाजूला उघडं गटार. रोज दिवेलागणीला रिक्षाचा आवाज आला की आबा टॉर्च घेऊन बाहेर यायचे आणि मागे उभे राहायचे. “येऊ दे. येऊ दे. डावीकडे घे. बस.” तेवढंच काय ते बोलणं. मग दोघं आत.

एकदा चाक आबांच्या पायावरून गेलं. बोट मोडलं. मिलिंद दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आला. “चांगला मोठा लाइट लावा. म्हाताऱ्याला बाहेर यायची गरज पडायला नको.”

लावला.

आठवड्याने आबा आले, लंगडत. बाकावर बसले, पाणी प्यायले. मामा जेवायला गेले होते. मी काम करत होतो, ते आबा बघत राहिले.

“त्या लाइटची वायर सैल होते का कधी?”

“होते की, आबा. खड्डे आहेत.”

“मग होऊ दे ना,” ते म्हणाले आणि उठून गेले.

पुढच्या वेळी मिलिंद हॉर्नच्या कामाला आला, तेव्हा मी मागची वायर काढून ठेवली. कुणाला बोललो नाही. महिनाभर तो फिरकलाच नाही. मग ब्रेकलाइट जळाला म्हणून आला. मी मागे वाकलो आणि मलाच राहवलं नाही.

“मिलिंद, तुझी रिव्हर्सची वायर सुटलीय. जोडू?”

त्याने विडी विझवली.

“माहितीये,” तो म्हणाला. “राहू दे तशीच.”