दोनओळीची तिसरी ओळ

आमच्या इमारतीत बातमी अशी होती, की मावशीच्या घरात जागेवरून भाऊबंदकी पेटली आहे आणि प्रकरण कोर्टात जाणार आहे.

बातमी आणली जिन्यातल्या काकूंनी. या काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, पण मुक्काम जिन्यात असतो. "मी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात," असं म्हणून त्या सुरुवात करतात आणि मग अध्यातही असतात, मध्यातही. "पण कानावर पडलं ते सांगते. फोनवर बोलत होती हो! म्हणे, थोरलीला निम्मी जागा दिली, ती गप्प बसली. मधलीनं जरा कुरकुर केली, पण ऐकलं. धाकटी मात्र डावी बाजू गिळून बसलीये! आणि म्हातारीला म्हणे नवीन काही कळतच नाही, तिचं काहीतरी वेगळं बघावं लागेल. म्हातारीचं वेगळं बघायचं! काय एकेक ऐकावं लागतंय!"

खरं असं आहे, की मावशीला जागा नाही, जावा नाहीत, आणि सासू तर नाहीच नाही, कारण लग्नच केलेलं नाही. आईची ही धाकटी बहीण आमच्याच घरात, मधल्या खोलीत राहते आणि सहा माणसांच्या एका ऑफिसात वेबसाइटची पानं मांडते. चित्रं दुसरं कुणी काढतं, मजकूर तिसरं कुणी लिहितं. कुठला चौकोन कुठं बसेल, किती रुंद होईल, बटण कुठं येईल, हे सीएसएस नावाच्या भाषेत लिहून ठेवायचं, ते मावशीचं काम. भाषा एकच, पण ती वाचणारे ब्राउझर निरनिराळे, आणि जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो. तेच पान एकीकडे उघडावं तर तीन चौकोन शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे. दुसरीकडे उघडावं तर तिसरा घसरून खाली पडलेला. तिसरीकडे तिघं एकमेकांच्या उरावर. थोरली, मधली, धाकटी आणि म्हातारी ही या ब्राउझरांची मावशीनं ठेवलेली नावं. म्हातारी एका जुनाट लॅपटॉपमध्ये राहते. त्याची बिजागरी तुटली आहे, म्हणून पडद्यामागं शब्दकोश टेकवून तो उभा करावा लागतो. ऑफिसनं तो दोनदा भंगारात काढला आणि दोनदा मावशीनं परत आणला. "जगात कुठंतरी कुणीतरी अजून हिच्यातूनच बघत असणार," ती म्हणते. "त्यानं काय करायचं? डोळे मिटून बसायचं?"

पंधरा वर्षं मावशीनं या चौघींचं एकमेकींशी जुळवून देण्यात घालवली. एकीला उणे तीन ठिपक्यांचा हलकासा धक्का द्यायचा. एकीपुढं उगाचच एक रिकामा चौकोन उभा करायचा, म्हणजे ती आधाराला टेकून राहते. एकीला गुपचूप सांगायचं, पुढची ओळ तुझ्यासाठी नाही, तू वाचू नकोस. अशा युक्त्यांनी भरलेली तिची एक जाड वही आहे. ऑफिसात काही वाकडं दिसलं की हाक यायची, "ताई, हे बघा ना!" मग मावशी चष्मा कपाळावरून नाकावर घेणार, पडद्याशी जाणार आणि म्हणणार, "हं." या "हं"चे तीन प्रकार आहेत. आखूड म्हणजे पाच मिनिटांचं काम. लांब म्हणजे दुपार गेली. आणि शेवटाला वर चढणारा "हंऽऽ?" म्हणजे ज्यानं हे लिहिलं त्याची आता धडगत नाही.

अशी सगळी घडी बसलेली असताना ती नवी बाई आली.

पहिल्याच दिवशी तिनं एक पान उघडलं. धाकटीमध्ये ते नेहमी घसरायचं, आणि मावशीनं एकेचाळीस ओळींच्या टेकूवर ते उभं ठेवलं होतं. नव्या बाईनं एकेचाळीस ओळी पुसल्या आणि दोन लिहिल्या. तिन्ही चौकोन रांगेत उभे! म्हातारीतसुद्धा!

"सोप्पंय हो," ती म्हणाली. "हल्ली ब्राउझर शहाणे झालेत. एवढी मनधरणी लागत नाही."

त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव पडलं दोनओळी. आणि वयानं म्हणाल तर मावशीच्याच बरोबरीची, बेचाळीस! विशीतली असती तर "आजकालची मुलं" म्हणून मावशीनं एक उसासा टाकून विषय मिटवला असता. इथं तीही सोय नव्हती.

नक्कल आमच्याकडे आईच्या माहेराकडून आली आहे. रोज जेवताना मावशी दोनओळी करून दाखवायची. डावा खांदा वर, मान तिरकी, आणि नाकातून "सोऽप्पंय हो!" मग तिच्या मनगटाखालच्या उशीची नक्कल, मग पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडण्याची. मी ती नक्कल उचलली, आणि वर दोनओळीची नक्कल करणाऱ्या मावशीचीही नक्कल बसवली. ती आईला जास्त आवडायची.

"सोमवारी मला सात हाका आल्या," मावशीनं एकदा सांगितलं. "मंगळवारी तीन. आज एक."

"मग आली ना एक?" आई म्हणाली.

"'ताई, जरा पंखा बंद करता का?'"

"अगं, पण काम कमी झालं ते बरंच झालं की!"

"काम कुठं कमी झालंय? मी कमी झालेय."

मावशीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. दोनओळी चांगली बोलली तर हिला वाटायचं खिजवतेय. गप्प बसली तर शिष्ट. एकदा तिनं मावशीची वही बघायला मागितली, तेव्हा मावशीनं "घरी राहिली" असं सांगितलं, आणि वही त्या वेळी तिच्या कोपराखाली होती.

मग मालकांनी ठिणगी टाकली. मालक कुठलंही वाक्य तीनदा सुरू केल्याशिवाय पूर्ण करत नाहीत. "म्हणजे कसंय, की आपल्याला... म्हणजे कसंय, हॉस्पिटलचं पान मिळालंय. डॉक्टरांची वेळ घ्यायचं. म्हणजे, दोघींनी एकेक करा. त्यांच्याच काउंटरवर उघडून दाखवू. जिचं पान ते ठेवतील, तिनं इथून पुढं सगळ्या पानांचं बघायचं. आणि दुसरीनं, म्हणजे कसंय, तिच्या हाताखाली."

तिच्या हाताखाली! मावशी त्या दिवशी जेवली नाही. म्हणजे जेवली, पण नक्कल न करता.

दहा दिवस दोघी राबल्या. अकराव्या दिवशी मावशी घरात शिरली ती गुणगुणत, आणि चपला चक्क जागेवर काढल्या.

"काय झालं गं?" आईनं धास्तावून विचारलं.

झालं होतं ते असं. दोनओळीनं आपलं पान थोरलीत पाहिलं, मधलीत पाहिलं, धाकटीत पाहिलं. म्हातारीकडे फिरकली नाही. मागच्या वेळी तिथं चाललं, म्हणजे आताही चालेल, असं धरून चालली. मावशीनं मात्र ती जेवायला गेल्यावर ते पान म्हातारीत उघडलं. पानावर विभाग निवडायची एक यादी होती. त्यात एक लांबलचक नाव होतं, "अस्थिरोग व व्यायामोपचार विभाग". बाकीच्या तिघी अशा वेळी यादी चेपून बारीक करतात. म्हातारी करत नाही. तिनं यादीला ऐसपैस जागा दिली, आणि शेजारचं "वेळ घ्या" हे बटण ढकलून पडद्याबाहेर काढलं. उरलं फक्त "वे".

"आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर काय आहे माहितीये?" मावशीचे डोळे चमकत होते. "मी फोन करून विचारलं. म्हातारीच!"

"सांगितलंस तिला?"

"का सांगू? तिनं विचारलं का मला?"

"सांगून टाक बाई. नंतर मनाला खात राहील."

"मन माझं आहे. खाऊ दे."

"ही कसली सांगतेय!" मी म्हटलं. "पैज. ते बटण ही तसंच लटकू देणार."

मावशी गर्रकन वळली. "मी तुला एवढी दुष्ट वाटते?"

"हो."

"लाव पैज!"

ठरलं. बटण लटकू दिलं, तर महिनाभर सकाळी मला कुणी उठवायचं नाही. आत घेतलं, तर महिनाभर मावशीची नक्कल बंद. मी निश्चिंत होते, कारण पुढचे तीन दिवस तिनं दोनओळीला एक अक्षर सांगितलं नाही. उलट येता-जाता तिला गोड हसून दाखवत होती, असं तिनंच सांगितलं.

काउंटरवर त्या सकाळी मालक, हॉस्पिटलचे व्यवस्थापक आणि काउंटरवरची बाई एवढे जण होते. मावशी मागच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली होती. आधी दोनओळीचं पान उघडलं.

काउंटरवाली बाई वाकून बघू लागली. "छान आहे. पण हे 'वे' काय आहे?"

"वे?" व्यवस्थापक म्हणाले. "वे म्हणजे रस्ता. बाहेर जायचा असेल."

दोनओळी पुढं झाली. "माझ्याकडे तर बरोबर दिसत होतं," ती इतकंच म्हणाली. बाटलीचं झाकण तिच्या हातातून पडून बाकाखाली गेलं.

आता मावशीनं काहीच करायचं नव्हतं. दोन मिनिटं बसून राहायचं, मग आपलं पान उघडायचं. पण नजर त्या बटणावर खिळली होती. अर्धं आत, अर्धं बाहेर. पंधरा वर्षांत तिनं असं बटण पाहिलं आणि तसंच सोडलं, असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तरी ती सरळ करून येणारी बाई ही! वैरिणीचं असलं म्हणून काय झालं, वाकडं ते वाकडं.

"हंऽ," मावशी म्हणाली. लांबही नाही, आखूडही नाही. "सरका."

दोनओळीच्या लॅपटॉपवर तिनं एक ओळ लिहिली. यादीची किमान रुंदी शून्य. मग काउंटरवालीला पान पुन्हा उघडायला सांगितलं, आणि बटण मुकाट्यानं आत आलं.

"काय केलंत?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"त्या यादीला सांगितलं, हवी तेवढी बारीक हो, पण शेजारणीला घराबाहेर ढकलू नकोस."

"हेच ठेवा," व्यवस्थापक म्हणाले. मावशीचं पान कुणी उघडलंसुद्धा नाही.

"म्हणजे कसंय," मालक म्हणाले, आणि यावेळी वाक्य अर्धंच राहिलं.

संध्याकाळी मावशी बॅग सोफ्यावर फेकून भिंतीकडे तोंड करून बसली. "माझाच हात! माझ्याच हातानं! आता सोमवारपासून तिच्या हाताखाली!" तेवढ्यात फोन वाजला. तिनं चिडून स्पीकर लावला.

"ताई, मी बोलतेय," पलीकडून आवाज आला. घोगरा, जरासा अडखळता. त्यात नाकातलं काहीच नव्हतं. "माझं चुकलं. म्हातारीत बघायला हवं होतं. तुमची वही घरीच असते ना? सोमवारी आणाल का?"

मी मावशीकडे बघितलं. मावशीनं छताकडे बघितलं.

"आणते," ती म्हणाली. आणि फोन ठेवल्या ठेवल्या: "बघितलंस? वहीवर डोळा आहे तिचा!"

सोमवारी ती वही घेऊन गेली. सोबत एक नवीन नावही घेऊन गेली, आणि दुपारपर्यंत ते ऑफिसभर झालं होतं. आता तिथं सगळे नव्या बाईंना तीनओळी म्हणतात. ती स्वतः पण हसते म्हणे. मावशीला याचाही राग येतो.

मी पैज हरले. आजचा नववा दिवस. मावशी मुद्दाम माझ्यासमोर येऊन तिन्ही प्रकारचे "हं" म्हणून जाते, आणि मला तोंड उघडता येत नाही. लिहायचं नाही, असं मात्र ठरलेलं नव्हतं.